पावणेतेरा आठवड्यांचा चेहरा: एकाच व्हॉल्यूममधून ७९ अंश आणि ८६ अंश का येतात

तुमचा प्रश्न असा आहे: गर्भाची लांबी, म्हणजे सीआरएल, ६५ मिमी. थ्रीडी प्रोबने डोक्याचा एक व्हॉल्यूम, म्हणजे सलग छेदांचा साठवलेला संच, घेतला. त्यातून फ्रंटोमॅक्सिलरी फेशियल अँगल (एफएमएफ कोन, म्हणजे टाळूची रेषा आणि वरच्या जबड्यापासून कपाळाकडे जाणारी रेषा यांच्यामधला कोन) मोजला तेव्हा सकाळी ७९ अंश आला. तोच साठवलेला व्हॉल्यूम संध्याकाळी पुन्हा उघडला तर ८६ आला. शिवाय सकाळी नाकाचं हाड दिसत होतं आणि संध्याकाळी ते नाहीच असं वाटलं. यातलं खरं कोणतं, आणि थ्रीडीवर मोजलेलं टूडीपेक्षा अचूक यायला नको का, असं तुम्ही विचारता.

७९ खरं की ८६, हे आत्ता बाजूला ठेवू. दोन्ही वेळा तुम्ही एकाच बाळाचे दोन वेगळे छेद मोजलेत, अडचण तिथे आहे. थ्रीडीमुळे प्रतिमेतला बारकावा वाढतो हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. बारकावा मूळ टूडी स्वीपमध्ये, म्हणजे प्रोब एका बाजूकडून दुसरीकडे जे छेद घेत जातो त्यांत, जेवढा असतो तेवढाच राहतो, पुनर्रचित प्लेनमध्ये (छेदात) उलट थोडा कमी होतो. थ्रीडीचा खरा उपयोग एवढाच की प्लेन चुकलं असेल तर ते नंतर, बाळाला आणि आईला त्रास न देता, दुरुस्त करता येतं. ती दुरुस्ती केली नाही तर थ्रीडीवरचं माप टूडीइतकंच चुकतं, आणि चुकीच्या मापावर जास्त विश्वास बसतो.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. ११ ते १३ आठवडे ६ दिवस, म्हणजे सीआरएल ४५ ते ८४ मिमी, या काळात एफएमएफ कोनाची सरासरी सुमारे ८३.५ अंशांवरून ७६.५ पर्यंत उतरते. तुमच्या ६५ मिमीला ती साधारण ८० पडते. ८५ च्या वरचा कोन वाढलेला धरतात. म्हणजे तुमचा सकाळचा आकडा अगदी मधोमध बसतो आणि संध्याकाळचा रेषेपलीकडे जातो. संपूर्ण काळातली सरासरीची घसरण फक्त ७ अंशांची, आणि तुमच्या दोन मापांतला फरकही ७ अंशांचाच.

आता भूमितीकडे बघा. कोनाचा शिरोबिंदू वरच्या जबड्याच्या पुढच्या-वरच्या कोपऱ्यावर असतो आणि दुसरी भुजा तिथून कपाळाच्या हाडापर्यंत जाते. या वयात ती भुजा सुमारे १० मिमीची धरू. तिचं एक टोक १ मिमी पुढे-मागे सरकलं की कोन जवळजवळ ६ अंशांनी बदलतो. अर्धा मिमी सरकलं तरी ३ अंशांनी. वरचा जबडा म्हणजे धनुष्यासारखी छोटी, घट्ट वळणाची कमान आहे. मध्यरेषेपासून २ मिमी बाजूला गेलात तर तिची पुढची कड अर्ध्या मिमीने मागे सरकते. कपाळाची गोलाई मोठी असल्यामुळे ते तेवढं मागे जात नाही. शिरोबिंदू मागे, कपाळ जवळपास जागच्या जागी, म्हणजे कोन उघडला. त्यात कपाळावरचा कॅलिपर (मोजण्याची खूण) हाडाऐवजी त्वचेवर पडला तर आणखी पाऊण मिमी. दोन किरकोळ चुका एकाच दिशेने पडल्या की ७९ चे ८६ होतात. यासाठी मशीन खराब असावं लागत नाही.

सगळ्याच पेशंटमध्ये मी सांगते तसं जमेल असं नाही. बाळ कसं आहे, आईच्या पोटाची भिंत किती जाड आहे, गर्भाशय मागे झुकलेलं आहे का, प्रोब मेकॅनिकल (आतून मोटरने हलणारा) आहे की मॅट्रिक्स (इलेक्ट्रॉनिक), यावर बरंच अवलंबून असतं. बाळ पालथं असेल आणि पाठीचा कणा प्रोबकडे असेल तर चेहऱ्यावर सावली पडते, आणि त्या व्हॉल्यूममधून कोणत्याही सॉफ्टवेअरने चेहरा परत येत नाही. अशा वेळी ‘मोजता आलं नाही’ हेच बरोबर उत्तर असतं.

आता व्हॉल्यूम घेण्याबद्दल. अर्धं काम इथेच होतं किंवा इथेच बिघडतं.

सुरुवात चांगल्या टूडी मिडसॅजिटल प्लेनपासूनच, म्हणजे डोक्याच्या बरोबर मधून जाणाऱ्या बाजूच्या छेदापासूनच करा. ‘नंतर फिरवून घेऊ’ म्हणून तिरक्या प्लेनपासून स्वीप सुरू करू नका. ज्या प्लेनमध्ये स्वीप सुरू होतो त्या ए प्लेनमध्ये रिझोल्यूशन सगळ्यात चांगलं असतं, त्याला काटकोनात पुनर्रचित होणाऱ्या बी प्लेनमध्ये ते उतरतं, आणि प्रोबच्या पृष्ठभागाला समांतर असलेल्या तिसऱ्या, म्हणजे सी प्लेनमध्ये सगळ्यात कमी असतं. एफएमएफ कोन, टाळू, नाकाचं हाड या साऱ्या मध्यरेषेतल्या गोष्टी आहेत. त्या मूळ प्लेनच्या जितक्या जवळ राहतील तितक्या स्वच्छ दिसतील. नंतर ५-१० अंशांची दुरुस्ती करावी लागली तर चालतं. ४० अंश फिरवावं लागत असेल तर तो व्हॉल्यूम सोडून द्या आणि नवा घ्या.

बाळ पाठीवर, चेहरा प्रोबकडे, मान सरळ, हनुवटी आणि छातीमध्ये थोडं पाणी, ही आदर्श स्थिती. प्रोबचा पृष्ठभाग नाकाच्या रेषेला समांतर ठेवा. डोकं आणि छातीचा वरचा भाग पडदाभर येईल इतकं मोठं करा आणि हे मोठं करणं व्हॉल्यूम घेण्याआधी करा. गोठवलेली प्रतिमा नंतर ताणली तर फक्त ठिपके मोठे होतात.

व्हॉल्यूमची हद्द ठरवणारा बॉक्स डोक्यापुरता घट्ट ठेवा. या वयात डोक्याची रुंदी २०-२२ मिमी असते. ६-७ सेंमी खोलीवर ती दोन्ही बाजूंना थोडी जागा ठेवून झाकायला ३० ते ४५ अंशांचा स्वीप पुरतो. ८५ अंशांचा स्वीप लावला तर तेवढ्याच वेळात त्याच संख्येचे छेद जास्त जागेत पसरतात आणि दोन छेदांमधली रिकामी जागा मशीन अंदाजाने भरतं. तुम्ही तो अंदाज मोजता. क्वालिटी वरच्या टप्प्यावर ठेवा, त्यामुळे मेकॅनिकल प्रोबचा स्वीप काही सेकंदांचा होईल. तेवढा वेळ आईला श्वास रोखायला सांगा आणि बाळ शांत झाल्यावरच बटण दाबा. गेन, म्हणजे प्रतिमेचा उजळपणा, जरा कमी ठेवा. गेन जास्त असला की टाळूची कड जाड होते आणि नेमका हवा तो कोपरा धूसर होतो.

व्हॉल्यूम आला की मापाकडे धावण्याआधी बी आणि सी प्लेनमध्ये कवटीची कड तपासा. ती गुळगुळीत लंबगोल दिसली पाहिजे. जिन्याच्या पायऱ्यांसारखी तुटक दिसली तर स्वीप चालू असताना बाळ हललं आहे. गंमत अशी की ए प्लेन अशा व्हॉल्यूममध्येही सुंदर दिसतं, कारण ते एका क्षणातलं असतं. म्हणून फक्त ए बघणाऱ्याला हालचाल कळत नाही. तुमचा व्हॉल्यूम या कसोटीवर आधी तपासा.

आता प्लेन सरळ करणं. तुमच्या ७ अंशांचं उत्तर बहुतेक इथे सापडेल, म्हणून सावकाश सांगते.

मल्टीप्लेनर उघडलं की ए मध्ये बाजूचा चेहरा, बी मध्ये डोक्याचा आडवा छेद आणि सी मध्ये समोरून दिसणारा कोरोनल छेद येतो. मध्यरेषा तीन प्रकारे चुकते. डोकं एका बाजूला वळलेलं असतं, खांद्याकडे कललेलं असतं, किंवा सरळ असूनही छेद बाजूला सरकलेला असतो. या तिन्हींची दुरुस्ती वेगवेगळ्या खिडकीत होते आणि फक्त ए कडे बघत नॉब फिरवत राहिलात तर एकही नीट होत नाही.

पहिलं, वळण. ए मध्ये संदर्भबिंदू (तिन्ही छेद जिथे मिळतात तो) नाकाच्या मुळाशी ठेवा. आता बी मध्ये दोन्ही डोळ्यांच्या खोबण्या दिसतील अशा पातळीवर या. एक खोबण मोठी आणि दुसरी लहान दिसली तर डोकं वळलेलं किंवा छेद तिरका आहे. बी खिडकी निवडून झेड अक्षाभोवती, म्हणजे चित्र त्याच्याच पातळीत, फिरवा, इतकं की मेंदूच्या मधली फाल्क्सची रेषा आणि नाक एका उभ्या रेषेत येतील. दोन्ही खोबण्या त्या रेषेपासून सारख्या अंतरावर आल्या पाहिजेत. फक्त फाल्क्स बघून थांबू नका. मला महत्त्व चेहऱ्याच्या सममितीचं आहे, फाल्क्स ही साक्षीला.

दुसरं, कल. सी मध्ये डोळे, नाक आणि जबडे समोरून दिसतात. दोन डोळ्यांना जोडणारी रेषा मध्यरेषेला काटकोनात येईपर्यंत पुन्हा झेड फिरवा. ए हे बी आणि सी दोघांनाही छेदतं, म्हणून दोन्हीकडची मध्यरेषा ए च्या निशाणीशी जुळली की ए आपोआप सरळ होतं.

तिसरं, सरकणं. संदर्भबिंदू बी मध्ये बरोबर फाल्क्स आणि नाकाच्या रेषेवर आणा, मग ए मध्ये पुढे-मागे अर्धा-अर्धा मिमी सरकून बघा. खऱ्या मध्यरेषेत नाकाचा शेंडा चमकदार ठिपक्यासारखा दिसतो, टाळू आयतासारखी दिसते, आणि मेंदूच्या मध्यात डायनसेफॅलॉनचा (मेंदूच्या मधल्या खोल भागाचा) काळसर भाग दिसतो. बाजूला गेलात की नाकाचा शेंडा नाहीसा होतो आणि टाळू व नाक यांच्यामध्ये एक चमकदार तुकडा उगवतो. तो वरच्या जबड्याचा झायगोमॅटिक भाग. हा तुकडा दिसला की मोजायचं नाही, असा नियमच करा. खूप जण त्याच्याच टोकाला जबड्याचा कोपरा समजून कॅलिपर ठेवतात.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्लेन १० अंशांनी तिरकं झालं तर नुसत्या तिरकेपणामुळे लांबी फक्त दीड टक्क्याने बदलते, म्हणजे जवळपास काहीच नाही. म्हणून ‘थोडं तिरकं चालेल’ असं वाटतं. नुकसान होतं ते दुसरीच रचना मोजल्यामुळे. बाजूचं हाड छेदात येतं, टाळूला चिकटून दिसतं आणि कोपऱ्याची जागा बदलते. तिरकेपणाचा धोका असा अप्रत्यक्ष असतो.

मग कॅलिपर. पहिली रेषा टाळूच्या वरच्या कडेवरून. टाळूवर व्होमर हे हाड बसलेलं असतं आणि त्यामुळे टाळू जाड दिसू शकते. रेषा व्होमरच्या माथ्यावरून काढली आणि पुढच्या वेळी टाळूच्या कडेवरून काढली तर तुमचीच दोन मापं जुळणार नाहीत. टाळूची कड ओळखायला गेन आणखी थोडा उतरवा, व्होमर आधी फिकट होतं. शिरोबिंदू वरच्या जबड्याच्या पुढच्या-वरच्या कोपऱ्यावर. दुसरी रेषा तिथून कपाळाच्या हाडाच्या बाहेरच्या कडेला टेकेल अशी.

कपाळापाशी एक अडचण हमखास येते. खऱ्या मध्यरेषेत कपाळाच्या दोन हाडांमधली मेटोपिक शिवण या वयात उघडी असते, त्यामुळे तिथे हाड दिसतच नाही. त्वचेखाली एक बारीक चमकदार रेषा असते, ती धरायची. हाड दिसावं म्हणून प्लेन बाजूला सरकवायचं नाही, आणि त्वचा तर धरायचीच नाही. तुम्ही संध्याकाळी प्लेन जास्त नीट मध्यात आणलं असेल, मग हाड दिसेनासं झालं असेल आणि कॅलिपर त्वचेवर गेला असेल, अशीही शक्यता आहे. तसं असेल तर प्लेन बरोबर आणि माप चूक. दोन्ही वेळच्या प्रतिमा शेजारी ठेवून कपाळावरचं टोक नेमकं कशावर आहे ते बघा.

व्हीसीआय, म्हणजे जाड छेदाची सोय, ठिपके कमी करून प्रतिमा गुळगुळीत करते. कोन मोजताना मी ती बंद ठेवते. दीड-दोन मिमी जाडीचा छेद म्हणजे मध्यरेषा आणि तिच्या बाजूचं मिसळलेलं चित्र, आणि आपण इतका वेळ ते वेगळं करण्यासाठीच घालवला.

नाकाच्या हाडाचा तुमचा अनुभव तर अगदी ठरावीक आहे. नाकाची हाडं दोन असतात आणि त्यांच्यामध्ये या वयात काही गर्भांत बारीक फट असते. प्लेन अगदी अचूक मध्यात आलं, छेद पातळ असला, की तो त्या फटीतूनच जातो आणि हाड नाही असं दिसतं. म्हणजे कोनासाठी जे प्लेन उत्तम, ते नाकाच्या हाडासाठी फसवं ठरू शकतं. म्हणून हाड दिसत नसेल तर त्याच व्हॉल्यूममध्ये डावीकडे आणि उजवीकडे अर्धा ते एक मिमी सरकून बघा, शिवाय बी आणि सी मध्ये नाकाच्या मुळाशी दोन चमकदार ठिपके शोधा. दोन्ही बाजूंना हाड नसेल तरच ‘नाही’ म्हणा.

‘आहे’ म्हणण्यालाही अट आहे. तीन रेषा दिसल्या पाहिजेत: वरची त्वचेची, तिला समांतर खालची हाडाची, आणि पुढे थोड्या वरच्या पातळीवर नाकाच्या शेंड्याची. हाडाची रेषा त्वचेपेक्षा जाड आणि जास्त चमकदार असली पाहिजे. त्वचेइतकीच किंवा तिच्यापेक्षा फिकट असेल तर हाड तयार झालेलं नाही असं धरतात. आणि इथे थ्रीडीची मर्यादा स्पष्ट आहे. स्वीप घेताना ध्वनिकिरण हाडाच्या लांबीच्या दिशेने गेले असतील तर हाडाचा प्रतिध्वनी मूळ प्रतिमेतच नसतो. व्हॉल्यूम कितीही फिरवला तरी जे नोंदलंच गेलं नाही ते उगवणार नाही. व्हॉल्यूममध्ये संशय आला तर प्रोब हातात घेऊन टूडीवर कोन बदलून पुन्हा बघा. ११-१२ आठवड्यांना हाड दिसलं नाही तर आठवड्याने पुन्हा बघणं शहाणपणाचं असतं, कारण हाड उशिरा दिसू लागणारे निरोगी गर्भही असतात आणि वंशानुसारही यात फरक पडतो.

जबड्याच्या लांबीबद्दल थोडक्यात. ती या काळात सुमारे ५ मिमीवरून ८ मिमीपर्यंत वाढते. ट्रायसोमी २१ (डाऊन सिंड्रोम) मध्ये सरासरी घट मिलिमीटरपेक्षा कमी असते. ६ मेगाहर्ट्झला एक तरंगच पाव मिमीचा असतो, आणि कॅलिपर ०.१ मिमी दाखवतो म्हणून प्रतिमेत ०.१ मिमीची अचूकता येत नाही. एका गर्भाबद्दल निर्णय घ्यायला हे माप मला पुरेसं वाटत नाही, मी ते वापरत नाही. त्याऐवजी त्याच व्हॉल्यूममधून मिळणाऱ्या दोन दृश्य खुणा जास्त कामाच्या आहेत.

पहिली, मध्यरेषेच्या छेदात वरच्या जबड्याची रेषा अखंड आहे का. तिथे फट दिसली तर टाळू किंवा ओठ दुभंगलेला असण्याचा संशय घ्यावा. अगदी बारीक फट काही निरोगी गर्भांतही दिसते, दीड मिमीपेक्षा मोठी असेल तर मात्र गांभीर्याने घ्या. दुसरी, रेट्रोनेझल त्रिकोण. सी प्लेन नाकाच्या मागे, चेहऱ्याला समांतर नेलं की दोन्ही बाजूंना वरच्या जबड्याचे वर चढणारे भाग आणि खाली टाळूचा पाया असा चमकदार त्रिकोण दिसतो. त्याचा पाया तुटलेला असेल तर दुभंग शोधा. त्याच छेदात खाली खालच्या जबड्याच्या दोन भागांमध्ये एक मोकळी जागा दिसते. ती जागा नसेल आणि तिथे हाडच आडवं दिसत असेल तर हनुवटी मागे असण्याची शक्यता असते. मात्र इथेही प्लेनचा तिरकेपणा फसवतो. सी प्लेन थोडं मागे कललं तरी निरोगी बाळात ती जागा बुजलेली दिसेल. टाळूच्या पायावर संदर्भबिंदू ठेवून सी प्लेन पुढे-मागे कलवा आणि जागा कुठेच उघडत नाही याची खात्री करा, मगच नोंद करा. हनुवटीसाठी दुसऱ्या तिमाहीत वापरला जाणारा इन्फिरिअर फेशियल अँगल आणि त्याची ५० अंशांच्या आसपासची सीमा या वयाला जशीच्या तशी लावू नका, ती १८ आठवड्यांनंतरच्या गर्भांवर ठरवलेली आहे.

सरफेस रेंडरिंगवर, म्हणजे आईला दाखवतो त्या सोनेरी चेहऱ्यावर, काहीही मोजू नका. ते खोलीचं सपाट केलेलं चित्र आहे. थ्रेशोल्ड दोन टप्पे बदलला की ओठ, नाकपुड्या आणि हनुवटी यांची कड बदलते. ११-१२ आठवड्यांना त्वचेखाली चरबी नसते, बाळाचे हात तोंडापाशी असतात, नाळेचा वेढा गालावर टेकलेला असतो. अशा रेंडरिंगमध्ये दुभंग दिसणंही खोटं असू शकतं आणि न दिसणंही.

आता मापाच्या विश्वासार्हतेबद्दल. एकाच गोठवलेल्या प्रतिमेवर तीनदा कॅलिपर टाकून सरासरी काढली तर तुमच्या हाताची स्थिरता कळते, प्लेनची चूक कळत नाही, कारण ती तिन्ही मापांत सारखीच असते. म्हणून व्हॉल्यूम मूळ स्थितीत परत आणा, सगळं फिरवणं पहिल्यापासून करा आणि मग दुसरं माप घ्या. शक्य असेल तर दोन वेगळे व्हॉल्यूम घ्या. दोन स्वतंत्र मापं ३ अंशांच्या आत असतील तर मी ती मान्य करते. त्याहून जास्त फरक असेल तर कुठली पायरी चुकली ते शोधते, सरासरी काढत नाही. ७९ आणि ८६ ची सरासरी ८२.५ येते, आणि ती कोणत्याच छेदाचं माप नाही. नव्याने शिकताना २०-२५ साठवलेले व्हॉल्यूम आधीचा आकडा न बघता दोन वेगळ्या दिवशी मोजा आणि फरकांची यादी करा. फरक दोन्ही बाजूंना विखुरलेले असतील तर सराव कमी पडतो आहे. सगळे एकाच बाजूला असतील तर कुठलीतरी एक खूण तुम्ही सातत्याने चुकीची धरता आहात. म्हणूनच छापील प्रतिमा नव्हे, मूळ व्हॉल्यूम साठवणं आवश्यक आहे.

सुरक्षिततेबद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगायला हवं. साठवलेल्या व्हॉल्यूमवर तासभर काम केलं तरी बाळावर एक क्षणही ध्वनिलहरी पडत नाहीत, हा थ्रीडीचा मोठा फायदा आहे. पण ‘चेहरा नीट यावा’ म्हणून थेट फोरडी (हलतं थ्रीडी) चालू ठेवून पंधरा मिनिटं थांबलात तर तो फायदा गेला. थर्मल इंडेक्स, म्हणजे ऊती किती तापू शकतात याचा मशीनवरचा अंदाज, ०.७ च्या आत ठेवा. १० आठवड्यांपर्यंत टीआयएस (मऊ ऊतींचा) आणि त्यानंतर, हाडं बनू लागल्यामुळे, टीआयबी (हाडांचा) बघा. दोन-तीन चांगले व्हॉल्यूम झाले की प्रोब उचला. बाळ वळत नसेल तर आईला थोडं चालायला सांगा, खोकायला सांगा, मूत्राशय भरलं असेल तर रिकामं करायला सांगा आणि थोड्या वेळाने पुन्हा बघा. पोटावरून अजिबात जमत नसेल तर योनीमार्गाने जास्त फ्रिक्वेन्सीवर सुंदर चित्र मिळतं, मात्र तिथे प्रोब फिरवायला जागा कमी असल्यामुळे सुरुवातीचं प्लेन क्वचितच मनासारखं येतं.

शेवटी, हे माप कशासाठी. डाऊन सिंड्रोममध्ये चेहरा सपाट आणि नाक लहान असतं हे जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ मध्येच लिहून ठेवलं होतं. आपण तेच आता अंशांत मोजतो. पण ८५ च्या आसपासची सीमा ९५ व्या शतमानावर ठेवलेली आहे, म्हणजे व्याख्येनेच दर १०० निरोगी गर्भांपैकी सुमारे ५ गर्भ तिच्यापलीकडे जाणार. नाकाचं हाड ट्रायसोमी २१ असलेल्या निम्म्याहून जास्त गर्भांत दिसत नाही, तरी काही निरोगी गर्भांतही दिसत नाही. या खुणा एकट्याने निदान करत नाहीत. आईचं वय, एनटी (मानेमागच्या पाण्याची जाडी) आणि आईच्या रक्तातली पीएपीपी-ए व फ्री बीटा-एचसीजी यांच्या एकत्रित हिशोबात त्या घातल्या तर जोखमीचा अंदाज सुधारतो. तेही माप प्रमाणित पद्धतीने घेतलेलं असेल तरच. फीटल मेडिसिन फाउंडेशनचे या खुणांसाठी स्वतंत्र निकष आणि प्रमाणपत्रं आहेत. ती मिळेपर्यंत हे आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरू नका, चुकीचा कोन योग्य एनटीचा हिशोबही बिघडवतो.

तुमच्या या पेशंटमध्ये मी असं करेन. व्हॉल्यूममध्ये कवटीची कड आधी तपासेन. हालचाल नसेल तर मूळ स्थितीतून दोनदा नव्याने प्लेन लावेन, कपाळाचं टोक त्वचेखालच्या रेषेवर आहे आणि झायगोमॅटिक तुकडा दिसत नाही हे बघेन. नाकाचं हाड दोन्ही बाजूंना एकेक मिमी सरकून शोधेन. दोन मापं जुळली तर तो आकडा सीआरएलसह लिहीन. नाही जुळली तर रिपोर्टमध्ये ‘एफएमएफ कोन समाधानकारक प्लेनमध्ये मोजता आला नाही’ असं लिहीन, जोखमीचा हिशोब एनटी आणि रक्तचाचणीवर करेन. सीआरएल ८४ मिमीच्या आत राहील इतका वेळ अजून हाताशी आहे. ६५ मिमीपासून रोज साधारण दीड ते दोन मिमी वाढ धरली तर पाच-सहा दिवसांनी पुन्हा बोलावून नवा व्हॉल्यूम घेता येईल. आईला ८६ हा आकडा आत्ता सांगू नका. तिला एवढंच सांगा की नीट छेद न मिळाल्यामुळे एक माप पुन्हा घ्यायचं आहे, आणि ते खरंही आहे.